एका छपराखाली मैफल आणि न्यायासन : लिव्हरपूलचा सेंट जॉर्जेस हॉल

पाथरवट (धागालेखक)

लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्थानकातून बाहेर पडलेल्या माणसाला शहर दिसण्याआधी ही इमारत दिसते. रस्ता ओलांडला की मोकळे फरसबंद पटांगण लागते, त्यापलीकडे रुंद पायऱ्या आणि पायऱ्यांच्या माथ्यावर सोळा कोरिंथियन, म्हणजे शीर्षांवर पानांची नक्षी असलेल्या, स्तंभांचा मंडप. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ते संग्रहालय वाटले, दुसऱ्यांदा न्यायालय वाटले आणि तिसऱ्या खेपेला आतून लग्नाची मंडळी बाहेर पडताना पाहून मी अंदाज बांधणे सोडून दिले. पुढे कामानिमित्त याच भागात राहायला आलो आणि गाडी चुकली की त्या पायऱ्यांवर बसायची सवय लागली. या धाग्यात त्या इमारतीच्या वास्तुरचनेविषयी, त्यातही बाहेरून न दिसणाऱ्या भागांविषयी लिहायचे आहे.

लिव्हरपूलमध्ये दर तीन वर्षांनी संगीत महोत्सव भरत असे आणि तो एका चर्चमध्ये भरवावा लागे. शहराला स्वतःचे सभागृह हवे म्हणून १८३६ मध्ये काही नागरिकांनी वर्गणी गोळा करायला सुरुवात केली. राणी व्हिक्टोरियाच्या राज्याभिषेकाचा मुहूर्त साधून २८ जून १८३८ रोजी, जुन्या रुग्णालयाच्या जागेवर, पायाचा दगड बसवण्यात आला. मौज अशी, की दगड बसला तेव्हा इमारतीचा आराखडाच ठरलेला नव्हता; त्यासाठीची स्पर्धा दुसऱ्या वर्षी, १८३९ मध्ये जाहीर झाली. आपल्याकडच्या भूमिपूजनांची सवय असलेल्यांना यात नवल वाटू नये.

ती स्पर्धा हार्वी लॉन्सडेल एल्म्स या पंचवीस वर्षांच्या लंडनकर तरुणाने जिंकली. दरम्यान शहराला आणखी एक निकड होती. १८३५ पासून लिव्हरपूलमध्ये फिरती सत्र न्यायालये भरू लागली होती, म्हणजे ठरावीक काळाने न्यायाधीश दौऱ्यावर येत आणि गंभीर खटले निकालात काढत. त्यांच्यासाठी स्वतंत्र इमारत बांधायचे ठरले, तिच्यासाठी वेगळी स्पर्धा झाली आणि तीही एल्म्सनेच जिंकली. एका तरुणाच्या हाती एकाच आवारातल्या दोन मोठ्या इमारती आल्या. वर्गणी अपुरी पडत होती आणि नगरपालिकेला खर्चाचा मेळ घालायचा होता, तेव्हा या दोन्ही इमारती एकत्र बांधाव्यात असा विचार पुढे आला. एल्म्सने तो नुसता मान्य केला असे नाही, तर त्यातूनच संपूर्ण रचना नव्याने उभी केली.

ती रचना शब्दांत अशी सांगता येईल. मध्यभागी उत्तर-दक्षिण लांब असे एक प्रचंड सभादालन. त्याच्या दक्षिण टोकाला फौजदारी न्यायालय, उत्तर टोकाला दिवाणी न्यायालय. उत्तरेच्या अर्धवर्तुळाकार टोकात, वरच्या मजल्यावर, लहानसे वर्तुळाकार संगीत दालन. या सगळ्यांभोवती मार्गिका, जिने, वकिलांच्या व पंचांच्या खोल्या आणि तळात कैद्यांच्या कोठड्या. बाहेरून मात्र ही एकसंध, एकाच श्वासात घडवलेली ग्रीक धाटणीची वास्तू दिसते. दक्षिण दर्शनी भागावरच्या पट्टीवर लॅटिन लेख आहे. त्याचा आशय असा, की कला, कायदा आणि विचारविनिमय यांसाठी नगरवासीयांनी १८४१ मध्ये हे स्थान उभारले. इमारत कशासाठी आहे हे तिच्याच कपाळावर लिहिलेले असूनही मी तीन वेळा चुकलो, याचे कारण मला लॅटिन येत नाही एवढेच नाही. एल्म्सने तिन्ही कामांना मुद्दाम एकच चेहरा दिला होता.

बाहेरचा चेहरा ग्रीक असला तरी आतले मोठे दालन रोमन आहे. त्याची कल्पना रोममधल्या कॅराकॅलाच्या स्नानगृहांवरून घेतलेली आहे. लांबी सुमारे १६९ फूट, उंची ८० फुटांहून अधिक आणि माथ्यावर अखंड अर्धगोल कमानछत, तांबड्या चकचकीत ग्रॅनाइटच्या स्तंभांवर तोललेले. कार्ल्याचे चैत्यगृह पाहिलेल्यांनी तेथील गजपृष्ठाकार छत आठवावे. तेथे मात्र डोंगरातून दगड काढून टाकल्यामुळे छत उरले आहे आणि त्याखालच्या लाकडी फासळ्या काहीही पेलत नाहीत. लिव्हरपूलमध्ये एवढा पसारा जमिनीवरून वर चढवायचा होता. त्याचे वजन आणि भिंतींना बाहेर ढकलणारा रेटा कमी व्हावा म्हणून छतात पोकळ विटा वापरण्यात आल्या, आणि त्या कामाची जबाबदारी रॉबर्ट रॉलिन्सन या अभियंत्याने सांभाळली.

एल्म्सला हे छत पूर्ण झालेले पाहायला मिळाले नाही. क्षयाने खंगलेला हा तरुण हवापालटासाठी जमैकाला गेला आणि नोव्हेंबर १८४७ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, तिथेच वारला. काम रॉलिन्सन आणि नगरपालिकेच्या वास्तुविशारदाने पुढे चालू ठेवले. १८५१ मध्ये चार्ल्स रॉबर्ट कॉकरेल या ज्येष्ठ वास्तुविशारदाची नेमणूक झाली आणि आतली बरीचशी सजावट त्याच्या हातची आहे. १८ सप्टेंबर १८५४ रोजी हॉल खुला झाला तोवर सुमारे ३ लाख पौंड खर्ची पडले होते.

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हवेचा आहे. या इमारतीच्या भिंती, जमिनी आणि छपराखालच्या पोकळ्या मिळून एक अवाढव्य श्वसनसंस्था आहे, आणि ती नंतर बसवलेली नाही, सुरुवातीपासून आराखड्यात गुंफलेली आहे. डेव्हिड बॉसवेल रीड या एडिंबराच्या वैद्याने आणि रसायनशास्त्रज्ञाने ती योजली. स्तंभांचे कौतुक सगळेच करतात, म्हणून मी मुद्दाम म्हणतो की हे स्तंभ एका यंत्राचे वेष्टन आहेत. यावर येथील जाणकारांचे मत वाचायला आवडेल.

फोर्टवाला

उत्तम विषय. वाचताना सारखा आपला मुंबईचा टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीची इमारत, डोळ्यांसमोर येत होता. तोही ग्रीक धाटणीचा, तोही पायऱ्यांवर चढवलेला. मात्र त्याचे स्तंभ डोरिक आहेत, म्हणजे आखूड, जाडजूड आणि बिननक्षीच्या शीर्षांचे. कर्नल थॉमस कॉपर या बॉम्बे इंजिनिअर्समधल्या अधिकाऱ्याने त्याचा आराखडा केला. बांधकाम १८२१ मध्ये सुरू झाले आणि १८३३ मध्ये संपले. कॉपरही इमारत पूर्ण होण्याआधीच, १८२५ मध्ये वारला. पैशाची रडकथासुद्धा तीच आहे. येथे लॉटऱ्या काढून पाहिल्या आणि अखेर कंपनी सरकारला बराच भार उचलावा लागला, तिकडे वर्गणी आटली आणि नगरपालिकेने काम हाती घेतले. म्हणजे सार्वजनिक सभागृह ही कल्पना कागदावर सर्वांना प्रिय असते. पैसे मोजायची वेळ आली की ती पोरकी होते.

माझी शंका वेगळी आहे. तारखा पाहिल्या तर मुंबईचा टाउन हॉल लिव्हरपूलच्या हॉलपेक्षा वीस वर्षांनी जुना ठरतो, म्हणजे ग्रीक शैली आपल्याकडे आधीच पोहोचली होती. मग किल्ल्याची तटबंदी पाडल्यावर मुंबईत जी सार्वजनिक इमारतींची लाट आली, ती सगळी गॉथिक का? विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह, सचिवालय, उच्च न्यायालय, यांतली एकही इमारत सेंट जॉर्जेस हॉलसारखी नाही. समुद्रापलीकडे एवढा नमुना तयार असताना तो कोणी उचलला कसा नाही?

पाथरवट

फोर्टवाला, याचे उत्तर माझ्या मते अंतरात नसून कालखंडात आहे. एल्म्स ज्या पिढीत शिकला तिच्यासाठी ग्रीस आणि रोम हेच वास्तुकलेचे अंतिम प्रमाण होते. त्याच्या स्पर्धेच्या सुमारासच लंडनमध्ये जळालेल्या संसदगृहाच्या जागी गॉथिक शैलीतली नवी इमारत उभी राहू लागली होती, आणि पुढच्या वीस वर्षांत इंग्लंडमध्ये या दोन शैलींच्या पुरस्कर्त्यांमध्ये अक्षरशः युद्ध पेटले. ग्रीक शैली मूर्तिपूजकांची आणि परकी, गॉथिक मात्र आपली, ख्रिस्ती आणि प्रामाणिक, अशी मांडणी जोर धरत गेली. १८६० नंतर मुंबई बांधायला निघाली तेव्हा पारडे गॉथिककडे झुकलेले होते. विद्यापीठाच्या इमारतींचे आराखडे पाठवणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट तर गॉथिक पक्षाचा सेनापतीच म्हणावा लागेल. त्याने मुंबईत पाऊलही न टाकता लंडनमधून रेखाटने पाठवली.

लिव्हरपूलच्या परिसरातही हा बदल दिसतो. लीड्सचा टाउन हॉल १८५८ मध्ये खुला झाला आणि त्यावर सेंट जॉर्जेस हॉलची छाप उघड आहे. पण आगगाडीने तासाभराच्या आत गाठता येणाऱ्या मँचेस्टरने १८७७ मध्ये आपला टाउन हॉल पूर्ण केला तो टोकदार कमानी आणि उंच मनोऱ्यासह, मुंबईकराला ओळखीचा वाटावा असा. त्यामुळे मुंबईची गॉथिक इमारत ही लिव्हरपूलची सख्खी बहीण नाही, मँचेस्टरची आहे.

रेषाचित्र

मी व्यवसायाने वास्तुविशारद आहे. धागा आवडला, तरी दोन ठिकाणी मतभेद नोंदवतो.

पहिला मुद्दा एकसंधपणाचा. दोन इमारती जोडण्याची किंमत मोजावी लागलेली आहे, आणि ती आराखड्याकडे नीट पाहिल्यावर दिसते. पूर्वेकडचा भव्य स्तंभमंडप पाहून मनुष्य पायऱ्या चढतो आणि मोठ्या दालनात शिरतो तो त्याच्या लांब बाजूने, आडवा. दालनाची खरी दिशा तर उत्तर-दक्षिण आहे. म्हणजे आपण मैदानात गोलपोस्टकडून न शिरता मधल्या रेषेवरून शिरतो, तसे काहीसे होते. एल्म्सला याची जाण होती आणि त्याच्याकडे त्याचे उत्तरही होते. एका न्यायालयाची दारे उघडली की मोठ्या दालनातून आरपार पलीकडच्या न्यायालयापर्यंत दृष्टी पोहोचावी, अशी त्याची कल्पना होती. इमारतीचा संपूर्ण कणा एका नजरेत यावा आणि न्यायासन, लोकांचे सभादालन, न्यायासन अशी सलग ओळ डोळ्याला कळावी, हा त्या कण्याचा अर्थ होता. त्याच्या मृत्यूनंतर उत्तर टोकाला प्रचंड ऑर्गन बसवला गेला आणि ती दृष्टिरेषा कायमची अडली. इमारत सुंदर आहे, परंतु तिच्यातला सर्वांत धाडसी विचार आज एका वाद्यामागे गाडलेला आहे.

दुसरा मुद्दा कॉकरेलचा. पाथरवट यांनी त्याला सजावटीच्या खात्यात टाकून दोन वाक्यांत निकाली काढले, हे मला अन्यायाचे वाटते. ग्रीसमध्ये वर्षानुवर्षे राहून, मंदिरांचे अवशेष मोजून परतलेला हा माणूस. लहान संगीत दालन ही त्याचीच निर्मिती आहे. मोठ्या दालनात एल्म्स आपल्याला लहान करून टाकतो, तर लहान दालनात कॉकरेल आपल्याला जवळ घेतो. वर्तुळाकार सज्जा, तो पेलणाऱ्या स्त्रीमूर्ती, मंचामागचे आरसे, फिकट रंग आणि सोनेरी जाळीदार कठडा. चार्ल्स डिकन्सने या दालनात आपल्या पुस्तकांची जाहीर वाचने केली, आणि एकट्या माणसाने पुस्तक हाती घेऊन शेकडो श्रोत्यांना बांधून ठेवावे यासाठी याहून योग्य खोली सापडणे कठीण. ब्राँझच्या दारांवरच्या जाळीत त्याने रोमन सिनेट आणि जनतेची जी आद्याक्षरे असत त्यांचीच लिव्हरपूलसाठी नक्कल करून घातली, रोमच्या आर अक्षराच्या जागी लिव्हरपूलचे एल. हा अहंकार आहे हे खरे, पण दारावर कोरण्याइतपत खेळकर अहंकार आहे.

सनई

रेषाचित्र यांनी ऑर्गनला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे, म्हणून त्याच्या बाजूने बोलणे भाग आहे. हेन्री विलिस याने बांधलेला हा ऑर्गन १८५५ मध्ये पहिल्यांदा वाजला. त्याला शंभर स्वरखुंट्या, म्हणजे नळ्यांचे गट चालू-बंद करणाऱ्या खुंट्या, होत्या आणि आज त्यात ७,७०० हून अधिक नळ्या आहेत. मूळच्या रचनेत त्याला वारा पुरवण्यासाठी तळघरात वाफेचे इंजिन होते. पेटीचा भाता हाताने ओढणाऱ्या आपल्या लोकांना त्या प्रमाणाची कल्पना यावी म्हणून सांगतो, की हे वाद्य इमारतीत ठेवलेले नाही, ते इमारतीचाच एक मजला आहे.

शिवाय ज्या चळवळीतून हा हॉल जन्मला ती संगीत महोत्सवाची चळवळ होती, न्यायालयाची गरज नंतर आली. मूळ हेतूने अखेर आपली जागा परत मिळवली, असेही म्हणता येईल. मात्र नादशास्त्राच्या दृष्टीने हे दालन अवघड आहे, हे मान्य करायला हवे. गुळगुळीत ग्रॅनाइट, फरश्या आणि अर्धगोल छत यांच्यामुळे स्वर बराच काळ रेंगाळतो. ऑर्गनला ते मानवते, कारण त्याच्या लांब स्वरांना घुमण्यासाठी वेळ मिळतो, पण द्रुत लयीतले वाद्यवृंदाचे काम एकमेकांत मिसळून जाते. भाषण तर त्याहून कठीण. म्हणूनच लहान दालनाची गरज होती.

वारा_पाणी

वातानुकूलन यंत्रणांच्या क्षेत्रात पंचवीस वर्षे घालवली असल्यामुळे धागालेखकाच्या शेवटच्या परिच्छेदावर थोडे सविस्तर लिहितो.

रीडला समजून घ्यायचे असेल तर आधी गॅसचे दिवे आणि गर्दी आठवावी लागते. त्या काळच्या सभागृहात शेकडो माणसे बंद दारांआड बसत आणि डोक्यावर गॅस जळत असे. उष्णता, धूर, ओल आणि माणसांच्या श्वासाने कोंदलेली हवा यांमुळे लोक चक्कर येऊन पडत. रीडने लंडनमध्ये तात्पुरत्या संसदगृहाच्या हवेवर काम केले होते, पुढे नव्या संसदगृहाच्या वास्तुविशारदाशी त्याचे जमले नाही. लिव्हरपूलमध्ये मात्र वास्तुविशारद आणि वायुवीजनतज्ज्ञ आरंभापासून एकत्र बसले, आणि सगळा फरक त्यामुळे पडला. आमच्या धंद्यात आजही निम्मी भांडणे यासाठीच होतात, की आराखडा पूर्ण झाल्यावर आम्हाला बोलावतात आणि मग तुळईतून नळ कुठून न्यायचा यावर वाद घालत बसतात.

यंत्रणेचे तत्त्व सोपे होते. पूर्वेकडच्या स्तंभमंडपाच्या दोन्ही टोकांशी असलेल्या उभ्या विहिरींतून बाहेरची हवा तळघरात ओढली जाई. थंडीत ती गरम पाण्याच्या नळ्यांवरून नेत आणि त्यासाठी कोक, म्हणजे भाजून काढलेला दगडी कोळसा, जाळणारे आणि वाफेचे बॉयलर होते. उन्हाळ्यात पाण्याच्या फवाऱ्याने तिला गारवा देत. मग दहा फूट रुंदीचे चार पंखे ती हवा इमारतीभर ढकलत. जमिनीखालच्या आणि भिंतींमधल्या पोकळ्यांतून ती दालनात हळूहळू शिरे, आणि वापरलेली हवा छताच्या नक्षीत लपवलेल्या जाळ्यांतून वर निघून जाई. म्हणजे छतावरच्या ज्या कोरीव कामाकडे प्रेक्षक तोंड वर करून पाहत असत, ते धुराड्याचे तोंड होते.

यात सर्वांत विलक्षण भाग नियंत्रणाचा आहे. आज जे काम तापमापक आणि संगणक करतात ते त्या काळी माणसे करीत. हवेच्या वाटांवर कॅनव्हासच्या झडपा बसवलेल्या होत्या, आणि कोणत्या दालनात किती माणसे आहेत, बाहेर ऊन आहे की पाऊस, न्यायालय भरले आहे की मैफल, त्यानुसार त्या उघडण्या-मिटण्यासाठी बरीच माणसे राबत. शिडाच्या जहाजांच्या बंदरात कॅनव्हास आणि दोर हाताळणाऱ्यांची वाण नव्हती, त्यामुळे ही कल्पना तेथे अगदी शोभून दिसते.

२००५ मध्ये ब्रिटनमधल्या इमारत-सेवा अभियंत्यांच्या व्यावसायिक संस्थेच्या वारसा गटाने या इमारतीला जगातली पहिली वातानुकूलित इमारत म्हणून मानाची पाटी दिली. मी या शब्दाबाबत जरा काटेकोर आहे. वातानुकूलन म्हणजे तापमान आणि आर्द्रता दोन्हींवर हुकमी ताबा, असे मानले तर तो मान विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०२ मध्ये विलिस कॅरियर या अमेरिकी अभियंत्याने केलेल्या यंत्रणेकडे जातो. हवा गाळणे, तापवणे, गार करणे, ढकलणे आणि दालनागणिक कमीजास्त सोडणे, एवढे सगळे एका योजनेत बसवणे असा अर्थ घेतला, तर रीडचा दावा भक्कम आहे. पाटी चुकीची नाही, तिच्यावरचा शब्द आपण आजच्या अर्थाने वाचतो, इतकेच.

नवी_वाचक

सर्व प्रतिसाद मन लावून वाचले. मला वास्तुशास्त्रातले काही कळत नाही, तरी दोन प्रश्न विचारते. छायाचित्रांत कधी रंगीबेरंगी नक्षीची फरशी दिसते आणि कधी साधी लाकडी जमीन, असे का? आणि दुसरे, ३ लाख पौंड त्या काळात एवढ्या सहजी कोठून आले? लिव्हरपूलचे नाव गुलामांच्या व्यापाराशी जोडलेले वाचले आहे. त्याविषयी येथे कोणीच काही लिहिले नाही, हे खटकले.

पाथरवट

नवी_वाचक, खटकणे योग्य आहे आणि ती उणीव माझी आहे.

आधी फरशीचे सांगतो. मोठ्या दालनाची मूळ जमीन मिंटन कंपनीच्या फरश्यांची आहे. त्या तीस हजारांहून अधिक आहेत. या फरश्यांत रंग वरून चढवलेला नसतो, वेगवेगळ्या रंगांच्या माती साच्यात बसवून एकत्र भाजतात, त्यामुळे पृष्ठभाग झिजला तरी नक्षी पुसत नाही. मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेलात तर याच कंपनीच्या फरश्या पायाखाली येतील. लिव्हरपूलमधली जमीन मधल्या भागात काही पायऱ्या खाली उतरते आणि त्या खोलगट भागावर नाच व समारंभांसाठी काढता-घालता येणारी लाकडी जमीन टाकलेली असते. वर्षातून थोडेच दिवस ती उचलतात आणि लोक रांगा लावून फरशी पाहायला येतात. झाकून ठेवल्यामुळे रंग इतके टवटवीत राहिले आहेत, की पहिल्यांदा पाहताना त्या नव्या बसवल्या असाव्यात असे मला वाटले.

आता पैशाचे. ब्रिटिश संसदेने १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली, तोवर लिव्हरपूल हे त्या व्यापाराचे युरोपातले सर्वांत मोठे बंदर बनले होते. हॉल त्यानंतर तीस वर्षांनी सुरू झाला, तरी शहराची गोदी, पेढ्या आणि घराणी त्याच पैशावर उभी होती. शिवाय हॉल बांधला जात होता त्या काळात बंदरात उतरणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या गुलामांच्या श्रमातून येत होता. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात तो कापूस थांबला, लिव्हरपूलने मुंबईकडे तोंड वळवले, आणि मुंबईत जो पैशाचा पूर आला त्यातून आपल्या गॉथिक इमारतींनाही देणग्या मिळाल्या. राजाबाई मनोऱ्याचे देणगीदार प्रेमचंद रायचंद हे कापसाच्याच बाजारातले. त्यामुळे वर मी मुंबईला मँचेस्टरची बहीण म्हटले ते शैलीपुरते. पैशाच्या नात्याने ती लिव्हरपूलचीही लागते.

आतल्या कोनाड्यांतल्या पुतळ्यांतही शहराने कोणाला मोठे मानले ते दिसते. पंतप्रधान पील आणि ग्लॅडस्टन, रेल्वे अभियंता स्टीफन्सन अशी पुरुषांचीच रांग होती. कॉलऱ्याच्या साथीत गरिबांना कपडे धुण्यासाठी आपली चूल आणि कढई खुली करणाऱ्या किटी विल्किन्सन या कष्टकरी स्त्रीचा पुतळा तेथे बसायला २०१२ साल उजाडावे लागले.

रेषाचित्र

दक्षिणेकडच्या त्रिकोणी शिरोभागातली शिल्पे राहून गेली. ब्रिटानियाच्या, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक असलेल्या स्त्रीमूर्तीच्या, पायाशी व्यापार आणि कला आपापली भेट आणत आहेत, असा तो देखावा होता. दगड धोकादायक झाल्यामुळे १९५० मध्ये ती शिल्पे उतरवण्यात आली, आणि तेव्हापासून तो त्रिकोण रिकामा आहे. जाणाऱ्या-येणाऱ्यांना तो मुळातच कोरा ठेवला असावा असे वाटते. मला स्वतःला तो रिकामा बरा दिसतो. एल्म्सच्या रेषा त्यामुळे अधिक ठसठशीत वाटतात. हे मत व्यवसायबंधूंना पटत नाही, याची कल्पना आहे.

वकिली_बाणा

मी न्यायालयाच्या बाजूने विचारतो. एका इमारतीत न्यायाधीश, पंच, वकील, साक्षीदार, कैदी आणि तमाशा पाहायला आलेली जनता यांच्या वाटा वेगळ्या ठेवणे हे न्यायालयाच्या रचनेतले सर्वांत किचकट काम असते. त्यात मैफलीला आलेल्या श्रोत्यांची भर पडली तर गोंधळ होत नसे का? आणि एका भिंतीपलीकडे ऑर्गन वाजत असताना खून-खटल्यातली साक्ष ऐकू कशी येत असेल?

पाथरवट

वकिली_बाणा, वाटांचे उत्तर आराखड्यातच आहे. मोठ्या दालनाच्या दोन्ही लांब बाजूंना मार्गिका आहेत. न्यायालयाच्या लोकांना दालनात न शिरता इमारतीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाता येते. कैद्यांची वाट तर सर्वस्वी वेगळी आहे. तळघरातल्या कोठड्यांतून एक अरुंद दगडी जिना थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उघडतो, त्यामुळे कैदी न्यायालयात दारातून येत नसे, जमिनीतून उगवत असे. १८८९ मध्ये पतीला विष घातल्याच्या आरोपावरून फ्लॉरेन्स मेब्रिक याच जिन्याने वर आली आणि फाशीची शिक्षा ऐकून त्याच जिन्याने खाली गेली. ती शिक्षा पुढे जन्मठेपेवर आली. १९८४ मध्ये न्यायालये नव्या इमारतीत हलली, हॉलचा बराचसा भाग कित्येक वर्षे बंद राहिला, आणि २ कोटी ३० लाख पौंड खर्चून केलेल्या दुरुस्तीनंतर एप्रिल २००७ मध्ये तो पुन्हा पूर्णपणे खुला झाला. आता त्या कोठड्या पाहता येतात.

आवाजाबद्दल मी फक्त स्वतःचा अनुभव सांगू शकतो. मागच्या हिवाळ्यात मी एका कोठडीत उभा होतो. वर मोठ्या दालनात कोणी तरी ऑर्गनचा सराव करीत होते. भिंती इतक्या जाड आहेत की चाल ओळखू येत नव्हती, वरचे स्वर तर पोहोचतच नव्हते. मात्र अगदी खालचा, सर्वांत लांब नळीचा स्वर लागला की कोठडीच्या भिंतीला टेकवलेल्या हाताला तो कळत होता.